उन्हाळी वर्गाचे बेडूक

संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी बेडूक पकडले, त्याच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. लिहितो. गमती पुष्कळ आहेत. पण आधीच सांगून ठेवतो, हे लिहिताना मला हसू येत नाही, राग येतो. पूर्वी तो गिळता येत असे, आता या वयात पचत नाही. संपादकांना चालणार नसेल तर त्यांनी खुशाल केराच्या टोपलीत टाकावं, पण कापाकापी करून गोड करू नये.

मी धनजचा. घरची शेती थोडी आणि भाऊ पुष्कळ, म्हणून मॅट्रिक झाल्यावर मला नोकरीला लावलं. आमच्या भागातल्याच एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, परिचर म्हणून. परिचर हे कागदावरचं नाव. गावात मला बेडूकवाला नामदेव म्हणत. मेणाचे ट्रे वितळवून सारखे करायचे, कात्र्या-चिमटे पुसून ठेवायचे, बरण्यांतलं फॉर्मलिन बदलायचं आणि मुलांना चिरायला जनावरं आणून द्यायची, हे माझं काम. झुरळं हॉटेलच्या भटारखान्यात मिळत. गांडुळं केळीच्या आळ्यात. बेडकासाठी मात्र अक्कल लागे.

पावसाळ्यात बेडूक कोणीही पकडील. आमच्याकडच्या मे महिन्यात पकडून दाखवा. जमीन भेगाळलेली, नाले कोरडे, आणि बेडूक असे गडप होतात, की जणू कधी नव्हतेच. ते ओल धरून खाली जाऊन बसतात. मग सायकलीला ओलं पोतं बांधून मी विहिरी धुंडाळत फिरायचो. पायऱ्यांच्या विहिरीत, शेवटच्या पायरीखालच्या कपारीत हात घालायचा. हातात बेडूक येतो की दुसरं काही, ते हात बाहेर काढल्यावर कळतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला काठी घेऊन अर्धा मैल पिटाळलं होतं, कारण विहिरीतले बेडूक नेले की विहीर आटते, अशी त्याची पक्की समजूत होती. "कॉलेज शिकवाचं त शिकवा, माह्या पाण्यावर काहून उठले?" असं तो मागून ओरडत होता.

एकदा एस.टी.त पोत्याचं तोंड सुटलं. आमच्याकडच्या मालेगावच्या अलीकडे वीसेक बेडूक बाकांखाली उड्या मारायला लागले. बाया लुगडी सावरून बाकांवर चढल्या. कंडक्टर लालबुंद. "अबे, हे काय भरून आनलं गाडीत? याईचं तिकीट कोन काढन?" मागून कोणीतरी म्हणालं, "हाफ फाडा ना, लहान हायेत." सगळी गाडी हसली आणि त्याच माणसांनी मला ते एकेक धरून दिले. झाली गंमत. संपादकांचा शब्द राखला. आता माझं ऐका.

त्या काळी मेडिकलला जायची वाट आजच्यासारखी नव्हती. बारावी नव्हती आणि देशभराची एकच मोठी परीक्षाही नव्हती. मॅट्रिकनंतर एक वर्ष प्री-युनिव्हर्सिटी, मग बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, आणि त्या वर्षाच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. लेखी वेगळं आणि प्रॅक्टिकल वेगळं, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागे. लेखीत कितीही झेंडे लावा, प्रॅक्टिकलला गचकलं की वर्ष गेलं. आणि प्रॅक्टिकल म्हणजे मुख्यतः बेडूक. चांगल्या घरातली, लेखीत पहिली येणारी पोरं कात्री हातात घेतली की पानासारखी थरथरत. एक शीर चुकून कापली की सगळा ट्रे रक्तानं भरतो आणि मग आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही.

यावर आमच्या विभागप्रमुखांनी एक तोडगा काढला. मी त्यांना सर म्हणतो, नाव लिहीत नाही. ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्यांच्यासाठी, वर्ष सुरू होण्याच्या आधीच्या मे महिन्यात, महिनाभराचा उन्हाळी वर्ग. सकाळी सात ते अकरा. रोज कात्री हातात. पाठ्यपुस्तक नाही, वही नाही, नुसतं कापायचं, चुकायचं, परत कापायचं. कल्पना नामी होती. सर फळ्यावर रंगीत खडूंनी बेडकाचं काळीज एका दमात असं काढत, की बघत राहावं. त्या वर्गातून गेलेल्या पोराचा हात मार्चमधल्या परीक्षेत थरथरत नसे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आज कोणी म्हणतं, असले वर्ग म्हणजे थोतांड. सगळे नसतात. हा नव्हता. तो थोतांड असता तर मला एवढी चीड आली नसती. ज्याचा उपयोग असतो त्याच्याच दाराला कडी घालतात ना.

वर्गाला मुलं घेत चिठ्ठीवर. कोणाची चिठ्ठी, ते विचारू नका. कापसाच्या व्यापाऱ्याची, ओव्हरसियरसाहेबांची, संस्थेच्या सभासदांची. त्या वर्षी पंधरा जण होते. दुष्काळ नुकताच सरलेला, विहिरींना जरा कुठं पाणी आलेलं. एका ट्रेवर दोघं आणि दोघांत एक बेडूक, अशी रीत. पंधरा म्हणजे सात जोड्या झाल्या आणि आठव्या ट्रेवर एकटा राजाभाऊ. तो संस्थेच्या एका सभासदांचा मुलगा. त्यांची शंभर एकर जमीन, घरी ट्रॅक्टर.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कमल आली. किन्हीराजा गावची. वडील सडकेवर मैलकुली. म्हणजे सरकारी रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळायचा, खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, अशी नोकरी. बौद्धवाड्यातलं घर. पोरगी कॉलेजच्या गावात मावशीकडे राहून शिकत होती. सरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मले उन्हाळी वर्गात बसाचं हाय."

"कोणाची चिठ्ठी आहे का?"

"चिठ्ठी कायची, सर? मार्कलिस्ट आनली."

सरांनी मार्कलिस्ट पाहिली. बराच वेळ पाहिली. त्या पंधरांपैकी तिच्याएवढे मार्क फार तर दोघांचे असतील, हे मला माहीत होतं आणि सरांना माझ्याहून जास्त माहीत होतं. ते म्हणाले, "मार्क छान आहेत, बाळ. पण वर्ग भरला." ती हलेना. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मान माझ्याकडे वळवली. "शिवाय बेडकांचा प्रश्न आहे. काय नामदेव, आणखी एकाला पुरतील का बेडूक?"

आता इथं माझ्या धंद्यातली एक खोड सांगायला पाहिजे. प्रयोगशाळेच्या मागं एक सिमेंटचा हौद होता, त्यात मी पकडलेले बेडूक ठेवायचो, वर ओलं तरट टाकून. मे महिन्यात ते पटापट मरतात. म्हणून किती आहेत हे सरांना कधीच खरं सांगायचं नाही. चाळीस असले तर पंचवीस सांगायचे. उरलेले हाताशी ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी तोंडघशी पडायला नको. आमच्या कामातले सगळेच असं करत, मला ज्या म्हाताऱ्या परिचरानं शिकवलं त्यानं पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. त्या दिवशी हौदात चाळिसाच्या वर बेडूक होते. मी सवयीनं म्हणालो, "पंचाईतच आहे, सर. आहेत त्यांनाच पुरले तर नशीब."

"बघ," सर तिला म्हणाले. "मी काय करू?"

ती गेली. मी तरट भिजवायला मागं गेलो, हौदात हात घातला आणि डोक्यात लख्ख पडलं. दोघांत एक बेडूक. राजाभाऊ एकटा. ती सोळावी आली असती तर एकही बेडूक जास्त लागणार नव्हता! हे पहिलीतल्या पोराचं गणित मला त्या क्षणी सुचलं नाही. सरांना सुचलं होतं, म्हणूनच त्यांनी घाईनं माझ्याकडे मान वळवली. तिला राजाभाऊच्या ट्रेवर बसवावं लागलं असतं, आणि सभासदांच्या घरी ते कळलं असतं. तेवढ्यासाठी माझ्या तोंडून बेडूक कमी करून घेतले. सर वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. पण मला विचाराल तर वाईट माणसाशी भांडता तरी येतं, भित्र्या माणसाशी काय करणार?

चौथ्या दिवशी सकाळी कमल पुन्हा आली, खांद्यावर ओलं पोतं घेऊन. सोबत वडील, किसनराव. उंच, वाळका माणूस, डांबरानं काळे झालेले हात. मैलकुल्याला आपल्या तुकड्यावरची प्रत्येक मोरी ठाऊक असते, कुठल्या मोरीत उन्हाळ्यातही ओल राहते ते ठाऊक असतं. माझ्या सायकलीला जे बारा वर्षांत सापडलं नाही ते या बाप-लेकीनं तीन दिवसांत शोधलं होतं. सडकेखालच्या सिमेंटच्या नळ्यांत पोटावर सरपटत जाऊन त्यांनी बेडूक काढले होते. पोत्यात चांगले तीस तरी होते, आणि माझ्यापेक्षा मोठे.

"बेडकं नव्हते म्हनून सर नाही म्हने," कमल म्हणाली. "हे घ्या. आता त झालं ना?"

सर बाहेर आले. पोत्यात डोकावले. त्यांचा चेहरा खुलला, खरंच खुलला. शास्त्राच्या माणसाला चांगला बेडूक दिसला की होतं तसं. म्हणाले, "वा, फारच उपयोग होईल." मग पोतं माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "पण बाळ, ट्रे नाहीत ना. आठच ट्रे आहेत. जुलैत वर्ग सुरू होतील तेव्हा ये, तुला पुढं बसवू. नामदेव, बेडूक हौदात सोड."

मी सोडले. संपादकसाहेब, माझ्या याच हातांनी सोडले. तिचे बेडूक ठेवून घेतले आणि तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी राजाभाऊनं त्यातलाच एक कापला आणि सरांनी शाबासकी दिली, की आज बेडूक छान मोठा आहे म्हणून कसं स्वच्छ दिसतंय पाहा.  बेडूक सोडले त्या दिवशी किसनरावांनी रिकामं पोतं झटकून घडी घातली आणि माझ्याकडे पाहून "येतो भाऊ" एवढंच म्हणाले.

मला चार घास गोड लागेनात. दोन दिवसांनी बाजाराच्या रस्त्यावर कमल दिसली, तेव्हा मीच तिला थांबवलं. म्हणालो, "अकराला वर्ग सुटते. सर जेवाले जातेत अन् पाच वाजेलोक झोपतेत. किल्ली माह्यापाशी रायते. बाराले येत जाय. म्या शिकवतो."

"तुमाले येते, काका?"

"बारा वर्षं झाले, रोज पाहून राह्यलो. मले नाही येत त कोनाले येईन?"

मग मीच घातली अट. "पन कोनाले सांगू नको. माही नोकरी जाईन." ती म्हणाली, "नाही सांगत." त्या दोन शब्दांची किंमत मला तेव्हा कळली नाही.

असा आमचा दुपारचा वर्ग सुरू झाला. पत्र्याची खोली, बाहेर माणूस तर सोडा, कुत्रंही फिरकत नसे. नवा बेडूक द्यायची माझी हिंमत नव्हती. हौदातले मोजले जात नसत, पण रोज एक जास्तीचा गेला असता तर महिना निभला नसता आणि सरांनी विचारलं असतं. पण एक सोय होती. सकाळी चिरलेले बेडूक मीच टाकून द्यायचो, ते परत कोणी पाहत नसे, आणि त्यांची एक बाजू कोरीच असायची. बेडकाच्या काळजापासून दोन्ही बाजूंना शिरा सारख्याच जातात. डावीकडे तीन कमानी, उजवीकडे तीन. फळ्यावरच्या चित्रात सर डावी बाजू काढत, म्हणून सगळी पोरं डावीच बाजू उघडत. उजवी तशीच्या तशी शाबूत राहायची. ती कमलला मिळाली. पंधरा पोरांनी सकाळी टाकलेली उजवी बाजू दुपारी तिनं शिकली.

आणि काय शिकली! पहिल्या दिवशी डोळे मिटले, दुसऱ्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवसापासून नाही. शीर दिसली की कात्रीचं टोक वर धरायचं, खाली नाही, हे एकदाच सांगावं लागलं. कापायचंच नाही, उचलून बाजूला सारायचं, हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिची बोटं पाण्यात फिरल्यासारखी फिरत. महिना संपता संपता ती मला विचारू लागली, "काका, ही शीर फेफड्यात जाते, मंग कातड्यात काहून जाते?" मला कुठलं माहीत? मी म्हणालो, "ते डॉक्टर झाली की मले सांग." माझा बाप शेती करायचा, मी परिचर झालो, आमच्या घराण्यात मास्तर कोणी झालं नाही. त्या एका महिन्यात मी मास्तर होतो आणि माझी एक विद्यार्थिनी सरांच्या पंधरा जणांना पाणी पाजत होती. हा अभिमान मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. अभिमानच सांगून थांबता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

वर्षभर नेहमीची प्रॅक्टिकलं झाली. तुकडी मोठी, एका ट्रेवर चौघं, कात्री उन्हाळी वर्गवाल्यांच्या हातात. कमलला मागं उभं राहून चित्र काढावं लागे, तेही डाव्या बाजूचं. मग मार्च आला.

परीक्षेला प्रत्येकाला स्वतंत्र बेडूक आणि स्वतंत्र ट्रे, त्यासाठी जादा ट्रे दुसऱ्या कॉलेजातून उसने आणत. मी पहाटे उठून सगळे निवडून ठेवले. क्लोरोफॉर्म दिला की बेडूक पडतो, पण त्याचं काळीज दोन-तीन तास तरी धडधडत राहतं. छाती उघडली की दिसतं. बाहेरचे परीक्षक मोठ्या शहरातून आले होते, सफारी घातलेले, सारखे घड्याळ पाहणारे. दुपारी सभासदांच्या घरी जेवण होतं आणि त्यांना तीनची गाडी गाठायची होती.

कमलला बेडूक मी माझ्या हातानं दिला. मुद्दाम चांगला दिला. दीड तासानं दोन्ही परीक्षक, म्हणजे ते आणि आमचे सर, ट्रेमागून ट्रे पाहत फिरू लागले. मी पाण्याचा जग घेऊन मागं. राजाभाऊच्या ट्रेमध्ये रक्ताचं डबकं झालं होतं. उन्हाळी वर्ग झाला तरी घाबरणारा घाबरतोच. सर तिथं न थांबता पुढं सरकले. पुढचा ट्रे कमलचा. बाहेरचे परीक्षक थबकले. वाकून पाहिलं. तिन्ही कमानी स्वच्छ, खाली काळा कागद सरकवलेला, एक थेंब रक्त नाही. "सुंदर," ते म्हणाले.

आणि मग सरांना दिसलं. उजवी बाजू. घाईत, भीतीत, हात जिथं पहिल्यांदा शिकला होता तिथंच गेला होता. सगळ्या प्रयोगशाळेत डाव्या बाजू उघडलेल्या आणि हिची एकटीची उजवी. पुस्तकाच्या दृष्टीनं यात काही चूक नाही. पण सरांच्या तोंडावरचा रंग उतरला. शेजारी राजाभाऊचं डबकं, इथं हे असं काम, आणि ही पोरगी तर त्यांच्या उन्हाळी वर्गात नव्हती. मग हिला आलं कसं? त्यांना एकच उत्तर सोयीचं होतं. ते म्हणाले, "आमच्याकडे उजवी बाजू कोणीच काढत नाही, सर. हे आमच्या प्रयोगशाळेतलं काम नाही. हा बेडूक बाहेरून तयार करून आणलेला दिसतो. हिला बेडूक आणायची सवय आहे. मागच्या उन्हाळ्यात पोतंभर आणले होते."

पोतंभर आणले होते! तेच, जे आम्ही ठेवून घेतले.

बाहेरच्या परीक्षकांनी कमलला विचारलं, "कोणी शिकवलं हे?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ट्रेकडे पाहत म्हणाली, "मीच शिकली, सर."

तिनं शब्द पाळला. आता माझी पाळी आली. परीक्षक वळून म्हणाले, "बेडूक तुम्हीच वाटले ना? हिला दिलेला हाच का?"

ट्रेमध्ये त्या बेडकाचं काळीज धडधडत होतं. बाहेरून कापून आणलेल्या बेडकाचं काळीज चालतं का हो? हे मला दिसत होतं, सरांना दिसत होतं, मोठ्या शहरातून आलेल्या त्या सफारीवाल्याला दिसत होतं. आम्हा तिघांनाही प्राणिशास्त्र कळत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की होय, हाच, आणि उजवी बाजू मी शिकवली. घरी तीन लेकरं होती, इतक्या वर्षांनीही मी हंगामीच, सरांच्या सहीवर माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "काय सांगाव, सर. बेडूक सगळे सारखेच दिसतात."

दोन-चार पोरं फिसकन हसली. परीक्षकही हसले, घड्याळ पाहिलं आणि पुढच्या ट्रेकडे गेले. कमलनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिनं कात्री पुसली, चिमटा पुसला, जागेवर ठेवला, जसं मी शिकवलं होतं तसं, आणि बाहेर गेली.

निकाल लागला. लेखीत ती कॉलेजात दुसरी. प्रॅक्टिकलमध्ये नापास. राजाभाऊ पास.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कोणी विचारायला नको. राजाभाऊ डॉक्टर झाला. चांगला डॉक्टर आहे, माझ्या बायकोचं ऑपरेशन त्यानंच केलं आणि नीट केलं. त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही, तो बेडकांच्या गमती काढून हसतो. सर प्राचार्य होऊन निवृत्त झाले. माझी नोकरी कायम झाली. कमल दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली, डाव्या बाजूनं पास झाली, पण एकदा नापास झालेल्याला मेडिकलच्या यादीत कोण विचारतो? तिला राखीव जागा आहे, तिला काय चिंता, असं स्टाफरूममध्ये बोलणारे महाभाग होते. जागा राखीव असली तरी तिथवर पोचायचा जिना ह्यांच्याच घरातून जात होता, हे कोणी बोललं नाही. ती नर्सिंगला गेली. सरकारी दवाखान्यांत तिनं जन्म काढला. ऐकतो, की डॉक्टर नवे असले की टाके कसे घालायचे ते तिला विचारत. लोक मला समजावतात, की नर्स होणं काय कमी आहे? कमी नाहीच. पण तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिचा हात डॉक्टरचा होता, आणि तो हात मी स्वतः घडवून स्वतःच तोडला. यावर समजूत घालू नका.

निकालानंतर आठ दिवसांनी किसनराव प्रयोगशाळेत आले. सर गावाला गेलेले, मी एकटाच. मला वाटलं, भांडायला आले. मला तेच हवं होतं, खरं सांगतो. त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी उपकार मानले असते. पण ते दारातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"भाऊ, पोरगी म्हन्ते तिनं बाहेरून काही आनलं नोहोतं. तुमी होते तिथं. तुमी सांगा."

मी खोलीभर पाहिलं. कोणी नव्हतं. मग मला धीर आला, केवढा तो धीर! मी धडाधडा सगळं बोललो. "नाही आनला, किसनराव. देवाशप्पत नाही आनला. बेडूक म्या माह्या हातानं देल्ला होता. तिले म्याच शिकवलं, उन्हाळाभर, दुपारचं. तिच्यासारखा हात म्या कोनाचा पाह्यला नाही. तिचा काही कसूर नाही." बोलता बोलता मला रडू फुटलं. वाटलं, आता हा माणूस जवळ येईल, पाठीवर हात ठेवील, म्हणेल, की जाऊ द्या भाऊ, तुमचाही इलाज नव्हता.

 माझं संपल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"माह्या पोरीचं मले मालूमच होतं, भाऊ," ते म्हणाले. "तिची चौकशी कराले नाही आलो. तुमाले मालूम होतं का नाही, तेवढं पाहाले आलो."